पंचांगासोबत आलेले सतरा जण

मी एक जुना संगणक आहे. वय वर्षे बारा. माणसांच्या पोरांचे हे वय हुंदडायचे, पण आमच्यात बारा वर्षांचा झालेला दिसला की लोक भंगारवाल्याचा नंबर शोधू लागतात. मित्रांनो, तुम्हाला माझी कीव यावी म्हणून मी माझी कहाणी सांगत नाही. माझ्यावर आळ आला, माझ्यापायी घरच्या मुलीवरही आला, आणि आम्ही दोघांनी तो मुकाट्याने सोसला नाही, म्हणून सांगतो.

माझा जन्म अमरावतीच्या राजापेठेत झाला. एका शिकवणी वर्गाच्या जिन्याखाली संघपालचे छोटेसे दुकान होते. वर शंभर पोरे मोठ्याने सूत्रे पाठ करायची आणि खाली संघपाल मला जोडत बसायचा. एकाच खोक्यातून आलेल्या देखण्या संगणकांतला मी नव्हे. माझे डोके एका गावचे, पोट दुसऱ्या गावचे, आणि पाठीचा पंखा तर संघपालने एका मेलेल्या संगणकाचा काढून बसवलेला. मला त्याची लाज नाही. शेवटचा स्क्रू पिळून त्याने माझ्या पाठीवर आपल्या नंबराची चिठ्ठी चिकटवली, आणि हा अकोल्याच्या उन्हात टिकला तर कुठेही टिकेल, असे मला घ्यायला आलेल्या जोडप्याला सांगितले.

ते जोडपे म्हणजे ओमप्रकाश आणि बेबीताई. त्यांनी मला एसटीने अकोल्याला आणले. दोन तास माझी पेटी बेबीताईंच्या मांडीवर होती आणि कंडक्टरने ती खाली ठेवा म्हटले तरी त्यांनी ठेवली नाही. घर जुन्या शहरात, मळा शहराबाहेर बाळापूरच्या रस्त्याला. झेंडू, शेवंती, निशिगंध, मोगरा. मळा ओमप्रकाशांचा आणि हार बेबीताईंचे. लग्नाच्या हारात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते, हे मी घरचा म्हणून म्हणत नाही, गिऱ्हाइके म्हणायची.

माझे काम सांगतो. प्रत्येक हार घराबाहेर जाण्याआधी त्याचा फोटो निघे आणि माझ्या पोटात जमा होई. लग्नघरची माणसे आली की समोरच्या दिवाणावर बसून माझ्यातले हार बघत आणि असा हवा, तसा हवा ठरवत. बारा वर्षांत एकाही नवरीचा हार मी हरवला नाही. दसऱ्याला घरातल्या विळ्या-कात्र्यांबरोबर माझीही पूजा व्हायची. झेंडूचा सगळ्यात भरदार हार माझ्या गळ्यात पडे, त्याच्या पाकळ्या पंख्यात जात, आणि मी आठवडाभर शिंकल्यासारखा आवाज करीत असे. त्या कौतुकासाठी मी शिंकायलाही तयार होतो.

मी आलो तेव्हा त्यांची गीतांजली पाच वर्षांची होती. आता ती बारावीला आहे. तिला शेतीचे मोठे शिक्षण घ्यायचे आहे, फुलांचे बियाणे स्वतः तयार करायचे आहे. त्यासाठी सीईटी नावाची परीक्षा द्यावी लागते, आणि ती परीक्षा कागदावर नसते, पडद्यावर असते. म्हणून गेले वर्षभर ती रोज दुपारी कूलरसमोर बसून माझ्यावर सराव पेपर सोडवायची. आम्हा दोघांची घड्याळाशी शर्यत असे. बहुतेक वेळा माझ्यामुळे ती हरायची, पण तिने मला कधी शिवी दिली नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. बेबीताईंच्या धंद्यात एक रीत आहे. सकाळची बोहनी होईपर्यंत दारात येईल त्याला 'नाही' हा शब्द म्हणायचा नाही. कोणी कमळ मागितले आणि घरात कमळाचे पानही नसले, तरी नाही म्हणायचे नाही. "कमळ येऊन राहिले, तोवर शेवंती घेऊन जा," असे म्हणायचे. सासूने लावलेली ही रीत त्यांनी पंचवीस वर्षे पाळली. आणि मला चालू करीत त्या रोज सकाळी सहाला, बोहनीच्या आधी, त्या दिवशी कोणाचे हार जायचे ते बघायला.

त्याच वेळी माझ्या पडद्यावर कोणी ना कोणी टकटक करायचे. छोटी खिडकी उघडायची आणि इंग्रजीत काहीतरी विचारायची. बेबीताईंना इंग्रजी अक्षरांपलीकडे वाचता येत नव्हते, पण कोणीतरी दाराशी आले आहे आणि काही विचारते आहे, एवढे त्यांना कळायचे. बोहनीची वेळ. नाही कसे म्हणणार? त्या हिरवे बटण दाबायच्या. एकदा तर दाबता दाबता "घ्या बाप्पा" असे पुटपुटल्याही.

उलट माझे स्वतःचे औषधपाणी मागणारी खिडकी यायची ती भर दुपारी, हारांच्या घाईत. नवी दुरुस्ती आली आहे, आता करू की नंतर, असे मी विचारायचो. घरातला जो हात जवळ असेल तो 'नंतर' दाबायचा. गीतांजलीचा हातही त्यात होता, पेपर अर्धा सोडवून झाला की तिला थांबायला वेळ नसे. तीन वर्षे माझे नंतरच चालले होते. ज्याला हो म्हणायचे त्याला नंतर, आणि ज्याला हाकलायचे त्याला हो. सांगा, यात यंत्राचा काय दोष?

तुळशीचे लग्न झाले, लग्नसराई उघडली. फुले कधी तोडायची हे ठरवायला बेबीताईंना मुहूर्तांच्या तारखा पाहिजे असत. एका सकाळी पडद्यावर चक्क मराठीत एक पाटी आली: मोफत पंचांग, वर्षभराचे सर्व मुहूर्त. बेबीताईंना आनंद झाला. त्यांनी दाबले. मग सात-आठ वेळा काही विचारणे झाले, त्यांनी सात-आठ वेळा हो म्हटले, आणि पंचांग माझ्या पोटात उतरले. त्याच्या धोतराचा सोगा धरून आणखी सतरा जण उतरले. पंचांगही कसले, त्यात पौषातली अमावास्या एक दिवस चुकली होती.

त्या सतरांतले बरेचसे नुसते फेरीवाले होते. हे घ्या, ते बघा, इथे दाबा, असे दिवसभर पडद्यावर ओरडायचे. त्यांना अॅडवेअर म्हणतात. आवाज करणारा निदान दिसतो तरी. दोन-तीन मात्र चोरपावलांचे होते. त्यांतला एक कळफलकाच्या मागे दबा धरून बसला. कोणी कोणती कळ दाबली ते टिपायचे आणि दूर कुठेतरी पाठवायचे, एवढेच त्याचे काम. त्याला स्पायवेअर म्हणतात, मी घरभेदी म्हणतो. गिऱ्हाइकांना हारांचे फोटो पाठवायचा बेबीताईंचा मेल होता, त्याचा पासवर्ड त्याने टिपला आणि त्यांच्या नावाने गिऱ्हाइकांना भलतीसलती पत्रे जाऊ लागली.

मी काय केले म्हणता? मला तोंड नाही. पण मी अडून बसायला शिकलो. ते सतरा जण एकदम काम सांगू लागले की मी जागच्या जागी थांबायचो, चिखलात अडलेल्या बैलासारखा. तुम्ही त्याला 'हँग झाला' म्हणता. घरात सगळ्यांना वाटू लागले की मी म्हातारा झालो. कोणी माझ्या डोक्यावर चापट मारी, कोणी तार ओढी. ज्या घरासाठी मी अडून बसलो होतो त्याच घराच्या चापट्या मी खाल्ल्या, याचा राग मला अजून आहे.

मग एप्रिलमध्ये तो दिवस आला. परीक्षेला तीन आठवडे उरले होते. बाळापूरच्या पार्बताबाई, बेबीताईंचे जुने गिऱ्हाईक, लेकीच्या लग्नाचे हार ठरवायला आल्या. सोबत लेक होती आणि मुलाकडची एक आत्या होती. बेबीताई सरबत करत होत्या, म्हणून फोटो दाखवायला गीतांजली बसली. दोन हार दाखवून झाले. तिसऱ्याला एका फेरीवाल्याने पडदा बळकावला आणि त्यावर एक असे निर्लज्ज चित्र लावले की मी त्याचे वर्णन करणार नाही. गीतांजलीने ते बंद केले, तर त्याच्या जागी दोन उघडली. आत्याने तोंड भिंतीकडे फिरवले. आणि नेमके त्याच वेळी ओमप्रकाश झेंडूची टोपली घेऊन दारात उभे होते.

"परीक्षेच्या नावावर हे पाहून राहिली होती काय तू?" ते म्हणाले.

एवढेच म्हणाले, पण सगळ्यांदेखत म्हणाले. पार्बताबाई उठल्या, मग येतो म्हणाल्या आणि निघून गेल्या. ओमप्रकाशांनी माझा कळफलक उपटला, गोदरेजच्या कपाटात टाकला आणि चाबी खिशात घातली. शिक्षण झाले तेवढे पुरे, परीक्षा वगैरे काही नको, मळ्यात माणूस पाहिजेच आहे, असे त्यांनी जाहीर केले. रविवारी भंगारवाला येतो, त्याला हे धूड द्यायचे, हेही त्याच दमात ठरले.

गीतांजली खूप रडेल असे मला वाटले होते. ती रडली नाही. तिचे कान लाल झाले होते आणि ती बापाच्या वाटेत उभी राहिली.

"बाबा, मी हे आणलं नाही. कुठून आलं ते बी मले माहीत नाही. पण मी काढूनच दाखवीन."

ओमप्रकाश तिला वळसा घालून मळ्याकडे निघून गेले. तुम्हाला खरे सांगतो मित्रांनो, माझ्या पोटात तिच्या निर्दोषपणाचा पुरावा तारीख-वेळेसकट पडला होता आणि मला तो सांगता येत नव्हता. यंत्राच्या जन्माचा मला एरवी अभिमान आहे, पण त्या दुपारी मला माणसाची जीभ हवी होती.

रागाच्या भरात माणूस एखादी गोष्ट विसरतोच. ओमप्रकाशांनी कळफलक नेला, माउस तेवढा मागे राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते मळ्यात गेल्यावर गीतांजलीने माझ्या पाठीवरची चिठ्ठी पुसून नंबर वाचला आणि फोन लावला. संघपाल अजून त्याच जिन्याखाली होता. बारा वर्षांपूर्वीचा संगणक अजून चालतो हे ऐकून तो हसला, मग तिची हकिकत ऐकून गंभीर झाला. कळफलक नसला तरी चालेल, माउस पुरे, म्हणाला. फोन मोठ्या आवाजावर ठेवून ती बसली. बेबीताई शेजारीच सुई-दोरा घेऊन निशिगंध ओवत होत्या.

आधी त्याने इंटरनेटची तार काढायला लावली. चोर घरात असताना मागचे दार उघडे ठेवू नये, असे त्याचे म्हणणे. मग माझ्या पोटात काय काय भरले आहे त्याची यादी उघडून ती तारखेप्रमाणे लावायला सांगितली. लावली, आणि ते एका रांगेत सापडले: पंचांग आणि त्यामागे सतरा नावे, एकाच दिवशी आलेली. संघपालने पंचांगावर टिचकी मारून वेळ बघायला लावली. सकाळचे सहा वाजून बारा मिनिटे.

"सकायी सहाले तुया घरी कम्प्युटरवर कोन बसते?" त्याने विचारले.

पंचांग उतरले त्या दिवशी गीतांजली अमरावतीला मावशीकडे होती. तारीख बघताच तिला ते आठवले, मला तिच्या हातावरून कळले. माउसवरचा तिचा हात थबकला. एवढे एक वाक्य बोलली असती तर ती सुटली असती. सहा वाजता मला कोण चालू करते हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. तिने एकदा आईकडे बघितले आणि फोनमध्ये म्हणाली, "ते जाऊ द्या दादा. काढाचे कसे ते सांगा."

शेजारी सुई थांबली होती. बराच वेळ निशिगंधाचे एकही फूल ओवले गेले नाही.

मग हकालपट्टी सुरू झाली. काही जण निमूट गेले. काहींनी नाटके केली. 'खरंच काढायचे?' विचारायचे, 'राहू द्या' चे बटण मोठे आणि रंगीत, 'काढा' चे बटण कोपऱ्यात फिकट. गीतांजलीने प्रत्येक वेळी ते फिकट बटण शोधून दाबले. कोणकोणत्या संकेतस्थळांना आम्ही पडद्यावर ओरडायची परवानगी देऊन बसलो होतो, ती यादी उघडून तिने ती सगळी परवानगी मोडीत काढली. पंचांगही गेले. मग तिने माझ्यातच असलेली सुरक्षा-तपासणी चालू केली, जी तीन वर्षे कोणी चालवली नव्हती. तीन तास लागले. बाहेर पंचेचाळीस अंश, आत माझा पंखा किंचाळत होता, पण मी थांबलो नाही. तो घरभेदी कळफलकाच्या मागे, एका साध्यासुध्या नावाखाली लपलेला सापडला. त्याला धरून बाहेर काढला तेव्हा काटा निघाल्यासारखे वाटले. मग तार पुन्हा जोडून तीन वर्षांच्या तुंबलेल्या दुरुस्त्या एकदम घेतल्या.

शेवटचे काम राहिले. चोराला मेलचा पासवर्ड ठाऊक होता, तो बदलायला हवा होता. आणि त्याला कळफलक लागतो, असे संघपाल म्हणाला.

दिवेलागणीला ओमप्रकाश टोपल्या घेऊन आले. पाणी पिऊन होण्याच्या आत बेबीताई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि कपाटाची चाबी मागितली. कशाला, त्यांनी विचारले. बेबीताईंनी कारण सांगितले. एकदा नको ठरले ते पुन्हा पुन्हा कशाला उकरायचे, असे काहीसे पुटपुटत ते बाजेवर बसले. तेव्हा बेबीताई बोलल्या, आणि बारा वर्षांत मी त्यांना तसे बोलताना ऐकले नव्हते.

"ते म्या आणलं. पोरीनं नाही. सकायी सकायी तो पडद्यावर विचारे अन् बोहनीची वेळ म्हणून मी हो म्हणो. तारीख हाय त्याच्यात, वेळ हाय. पोरगी त्या दिवशी घरात बी नव्हती. तिले समजलं होतं, तरी तिनं माहं नाव घेतलं नाही."

ओमप्रकाशांनी हातातले पाण्याचे भांडे खाली ठेवले.

"तुमी तिले एक शब्द विचारला नाही," बेबीताई म्हणाल्या. "चार लोकांत बोलले. आता पार्बताबाईले बोलवा अन् त्यायच्यासमोरच सांगा. तोवर मी या घरात हार गुंफत नाही."

लग्नसराईत, एप्रिलच्या मध्यात, अकोल्याच्या जुन्या शहरात बेबीताईंनी हार न गुंफणे म्हणजे काय, हे ओमप्रकाशांना समजावून सांगावे लागले नाही. पण खरे सांगायचे तर हाराच्या धमकीने त्यांचा चेहरा उतरला नव्हता. 'तिनं माहं नाव घेतलं नाही' या शब्दांनी उतरला होता. त्यांनी खिशातून चाबी काढली आणि लेकीच्या हातात दिली.

कळफलक जोडला, पण पासवर्ड बेबीताईंनी स्वतः टाकला. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, पोरीलाही तोंड वळवायला लावून. झाले तेव्हा ओमप्रकाशांनी सवयीने विचारले, काय ठेवला म्हणून.

"नाही सांगत."

"मले बी?"

"तुमाले बी नाही."

आणि त्या हसल्या. मग गीतांजलीने त्यांच्यासाठी माझ्यात वेगळा दरवाजा केला. त्यातून हार बघता येतात, पण नवे काही आत घेता येत नाही. रीत मोडली म्हणून बेबीताईंना वाईट वाटेल, असा तिचा अंदाज होता. पण त्यांनी आपल्या मनाशी तो प्रश्न केव्हाच सोडवला होता. जो दारात उभा राहून तोंड दाखवतो तो गिऱ्हाईक. जो तोंड लपवून आत शिरतो त्याला बोहनीचा मान कशाला, असे त्यांचे म्हणणे पडले.

रविवारी भंगारवाला आला. ओमप्रकाशांनी त्याला कूलरची गंजलेली जाळी दिली आणि वाटेला लावले. त्याच दुपारी निरोप धाडून बोलावलेल्या पार्बताबाई आल्या, लेकीला आणि त्या आत्यालाही घेऊन. गीतांजली आतल्या खोलीत होती, तिला बाहेर यायचे नव्हते. ओमप्रकाश स्वतः तिला घेऊन आले. मळ्यातला माणूस, चार वाक्ये सलग बोलायची सवय नाही. माझ्याकडे बघत, जणू काही तिथे लिहून ठेवले आहे, ते म्हणाले, "त्या दिवशी तुमच्यासमोर मी पोरीले बोललो. तिची काही चूक नव्हती. माही होती. न विचारता बोललो." मग वळून लेकीकडे बघितले आणि म्हणाले, "परीक्षेले मी घेऊन जाईन तुले."

आत्या आता भिंतीकडे बघत नव्हत्या. पार्बताबाईंनी दिवाणावर गीतांजलीसाठी जागा केली, आणि चला, आता आमच्या पोरीचा हार दाखव, असे म्हणाल्या. गीतांजली बसली ती ताठ मानेने. मी एकापाठोपाठ एक चाळीस हार दाखवले, एकदाही अडलो नाही.

मित्रांनो, माझी दुरुस्ती वेळेवर करा, फुकटच्या पंचांगाला भुलू नका, अनोळखी खिडकीला हो म्हणू नका, हे तर मी सांगणारच. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. घरातला संगणक वेडेवाकडे दाखवू लागला की शेजारी बसलेल्या पोरीकडे बोट दाखवू नका. माझे पोट उघडून बघा. कोण आले, कधी आले, कोणी आत घेतले, सगळे मी लिहून ठेवलेले असते. मी जुना असेन, मंद असेन, उद्या भंगारातही जाईन, पण निरपराध माणसाविरुद्ध मी आजवर साक्ष दिलेली नाही आणि देणारही नाही. तुम्हीही देऊ नका.